एल्डनचे चोवीस मैल

एल्डन ड्रायलिंगने ती भलीमोठी पिकअप दारात आणून उभी केली, तेव्हा त्याच्या बायकोने, व्हर्लाने, एकच प्रश्न विचारला होता. "हिच्यातून वाहायचं काय?"

"लागेल तेव्हा असलेली बरी," एल्डन म्हणाला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, पण ते 'लागेल तेव्हा' काही उजाडलं नाही. जमीन पुतण्या कसत होता, आणि एल्डनची स्वतःची हयात विम्याच्या कचेरीत खुर्ची उबवण्यात गेली होती. पण पश्चिम कॅन्ससमधल्या पुरुषाने निवृत्त झाल्यावर लहान गाडीत दिसणं म्हणजे त्याला पायजमा घालून चर्चला जाण्यासारखं वाटे. पिकअपच्या हौद्याला त्याने कुलपाचं झाकण बसवून घेतलं होतं. कुत्र्याच्या खाण्याची पिशवीसुद्धा तो मागच्या सीटवर टॉवेल अंथरून ठेवी. हौद्याला ओरखडा जायला नको. सेंट ओडिला गावात त्या हौद्याइतकी निर्मळ जागा दुसरी नव्हती, आणि तिचा उपयोगही तेवढाच होता.

एवढं धूड पेट्रोल किती पितं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एल्डनला मात्र ते मान्य नव्हतं. धान्याच्या कोठारावर रोज सकाळी म्हाताऱ्यांची कॉफी चाले. तिथे लिओ वाइगल त्याला टोचायचा.

"एल्डन, पंपवाल्याने पोरीचं लग्न काढलंय म्हणे. यजमान म्हणून तुझंच नाव घालणार आहे."

"गॅलनला चोवीस मैल," एल्डन शांतपणे म्हणायचा. "तुझ्या बहिणीच्या त्या खेळण्यातल्या पिकअपइतकेच. ये, बघ."

मग सगळे कप घेऊन खिडकीशी जात, आणि गाडीतल्या पडद्यावर खरोखरच चोवीस दिसे. ते चोवीस कुठून येत, हे व्हर्ला शेजारच्या सीटवरून पाहत आली होती. पूर्वेकडे येताना, वारा पाठीशी असताना, उताराच्या माथ्यावर एल्डन अंगठ्याने एक बटण दाबी. मागचा हिशेब पुसला जाई, सरासरी नव्याने सुरू होई, आणि गाडी उतारावरून घरंगळत गावात शिरेपर्यंत आकडा फुगलेला असे. आपल्याच अंगठ्याची करामत माणूस विसरू शकतो, हे तिला सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं. पण एल्डन विसरत असे. खाली पोचेपर्यंत त्याचा त्या आकड्यावर बायबलइतका विश्वास बसलेला असे.

बर्निटा वाइगल, लिओची बहीण, हयातभर खेड्यापाड्यांत टपाल वाटत फिरली होती. तिची पिकअप जुनी, बुटकी, दाराला पोचा आलेली होती. तीत चारा जाई, शिड्या जात, एकदा चर्चची घंटाही गेली होती. ती किती मैल देते, असं कुणी विचारलं तर बर्निटा म्हणायची, "पुरते."

त्या वर्षी व्हर्लाच्या वेलावर भोपळा धरला. जत्रेत तोलायला नेतात तसला, चार माणसांनी उचलावा असला. आधीच्या सालांत एक भोपळा गारांनी फोडला होता, एक देठाशी कुजला होता. या वेळी तिने वेलावरची बाकी सगळी फळं खुडून टाकली आणि गारा आल्या तेव्हा घरातल्या गोधड्या बाहेर नेऊन त्याच्यावर घातल्या. हार्लो गावच्या जत्रेत तोल दुपारी बाराला बंद होई. त्यानंतर आलेला भोपळा कितीही मोठा असो, तो नुसती भाजी.

"अखेर तुझ्या पिकअपला काम मिळालं," ती एल्डनला म्हणाली.

"हौद्यात? देठ लागेल, माती सांडेल. मी मेव्हण्याचा ट्रेलर आणतो."

म्हणजे ओझं वाहण्यासाठी घेतलेल्या गाडीला ओझ्याचा स्पर्श होऊ नये म्हणून मागे दुसरी गाडी बांधायची. मेव्हण्याचा ट्रेलर गुरं न्यायचा, उंच, पेटीसारखा होता. व्हर्लाला भोपळा पोचण्याशी मतलब.

सकाळी निघाले तेव्हा पश्चिमेचा वारा समोरून असा येत होता, की रस्त्याकडेचं गवत झोपलं होतं. वाटेवरच्या शेवटच्या पंपावर बर्निटाची बुटकी पिकअप उभी होती; ती आणि लिओही जत्रेलाच निघाले होते. बर्निटा पेट्रोल भरत होती.

"आपणही भरून घेऊ," व्हर्ला म्हणाली.

"दोनशे मैल पुरेल असं दाखवतंय." एल्डनने वेग वाढवला. "कशाला थांबायचं?"

कशाला थांबायचं नव्हतं, ते तिला कळलं. लिओसमोर नळी हातात धरायची नव्हती.

दोनशे मैल हे रिकाम्या गाडीचे, उताराचे, पाठीवरच्या वाऱ्याचे होते. आता मागे पेटी आणि समोर वारा. आकडा जिना उतरावा तसा खाली येऊ लागला. व्हर्ला त्याच्याकडे बघतेय असं दिसल्यावर एल्डनने बटण दाबलं आणि पडद्यावर टायरांतली हवा आणली.

"हवा उत्तम आहे," तो म्हणाला.

हवा उत्तम असतानाच गाडीने एक आचका दिला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्ही बाजूंना कापलेलं ज्वारीचं रान होतं, माणूस कुठे दिसत नव्हता. अकरा वाजून गेले होते.

थोड्या वेळाने बुटकी पिकअप मागून आली आणि थांबली. लिओ उतरला, त्याने मोठ्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली.

"चोविसावा मैल हाच का रे, गड्या?"

"मीटरचा दोष आहे," एल्डन म्हणाला. "बर्निटा, तू मागे जा आणि पंपावरून डबा भरून आण. तासाभरात येशील."

"आणि बाराला काय करायचं?" व्हर्लाने विचारलं.

"अगं, भोपळाच आहे. पुढच्या वर्षी दुसरा येईल."

व्हर्लाने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने त्याला ऐकून घेतलं होतं, सांभाळून घेतलं होतं, लोकांसमोर झाकलंही होतं. ती ट्रेलरचा फाळका उघडायला गेली.

"बर्निटा, गाडी पाठीला पाठ लावून घे."

भोपळ्याखाली कडेने पट्टे शिवलेली ताडपत्री होती. चौघांनी चार कोपरे धरले. एल्डन धापा टाकत होता आणि "सांभाळा, माझ्या बंपरला लागेल," असं सांगत होता. बर्निटाच्या हौद्यात गवताचे तुकडे आणि गंज होता. भोपळा त्यात बसला, मागच्या चाकांवर गाडी थोडी दबली, एवढंच. व्हर्लाने गोधडी चारी बाजूंनी खोचली.

"तू कुठे बसतोस, एल्डन?" लिओने विचारलं. "भोपळ्याशेजारी जागा आहे."

"मी गाडी सोडून येणार नाही. कुणी ओरखडा घातला तर?"

"बरोबर आहे," व्हर्ला म्हणाली. "बस तू."

एका बाकावर तिघं दाटीवाटीने बसले. बर्निटा सगळी वाट एका वेगाने चालवत गेली. तोलाचा माणूस खडू खिशात टाकत होता तेवढ्यात त्यांनी फाळका पाडला. भोपळ्याला तडा नव्हता. त्याला तिसऱ्या नंबरची पांढरी फीत मिळाली. पहिला आलेला भोपळा एका डॉक्टरचा होता आणि तो रखवालदाराने वाढवला होता. पण ते असो. व्हर्लाने फीत कोटाच्या आतल्या बाजूला टाचली, भोपळा जत्रेत मांडायला ठेवला आणि पेट्रोलचा डबा भरून घेतला.

परत आले तेव्हा एल्डन काचा वर करून बसला होता. व्हर्लाने घरून सगळ्यांसाठी भाजून आणलेले कोबी-खिम्याचे पाव त्याने एकट्याने संपवले होते. व्हर्लाने डबा टाकीत ओतला आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. भोपळ्याचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही.

"ट्रेलरने घात केला," तो म्हणाला. "नुसती गाडी चोवीस देतेच."

इंजिन सुरू झालं. पडद्यावर गॅलनला नऊ मैल दिसले, क्षणभर. एल्डनचा अंगठा बटणावर गेला आणि नवाच्या जागी शून्य आलं. त्याच्या चेहऱ्यावर लगेच समाधान पसरलं.

व्हर्लाने दार उघडलं, उतरली आणि दार हलकेच लावलं. आपटलं असतं, तर त्याने ते वर्षभर उगाळलं असतं. मागे बर्निटाची गाडी अजून थांबली होती. लिओने गुडघे वळवून तिला जागा करून दिली.

"काय म्हणाला?" बर्निटाने विचारलं.

"चोवीस," व्हर्ला म्हणाली. "चल, घरी सोड मला."