कानामागची गोचीड

घरात आम्ही पाच जणं. मी, माझा मुलगा, सून, त्यांची लहान पोरगी आणि माझी थोरली जाऊ. आम्ही राहतो त्या बाळकुमला आता सगळीकडे टॉवर झालेत, पण जावेनं चाळीच्या मागं दोन शेळ्या ठेवलेल्या. नात शाळेतून आली की तिथंच. शेळीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसायची.

एकदा वेणी घालताना सुनेला तिच्या कानामागं गोचीड दिसली. मुगाएवढी फुगलेली. सून ओरडलीच.

जाऊ म्हणाली, "येवढ्याला काय बोंबलतेस? आण ती मशेरी."

दात घासायची मशेरी तिथं चोळली, गोचीड नखानं उपटली नि नखावरच चिरडली. आमच्यात असंच काढतात.

मग काही दिवसांनी पोरीला ताप भरला. डोकं धरून रडायची. अंगावर लाल पुरळ उठलं.

"देवी आल्यात गं," जाऊ म्हणाली. "आता सुई नाय, गोळी नाय. कोप होतो."

दाराला कडुलिंबाचा पाला बांधला. मुलगा म्हणाला, "काकी, एकदा डॉक्टरला दाखवतो ना."

"दाखव की! उद्या काय झालं तर माझ्याकडं रडत येऊ नको."

त्यानं घातलेल्या चपला परत काढून ठेवल्या. तिच्यापुढं आमच्यात कोण बोलत नाय. मी पाल्यानं पोरीला वारा घालत बसले. अंग नुसतं तव्यासारखं. दुसरं काय होतं माझ्या हातात?

पुरळ तळहाताला, तळपायाला पण आलं. पोरगी डोळे उघडेना. तेव्हा सुनेनं तिला उचललं, कोणाला विचारलं नाय, रिक्षा केली नि नौपाड्याला डॉक्टरकडं निघाली. मी मागनं चढले.

डॉक्टरनं तळवे बघितले नि विचारलं, "घरात जनावर आहे का? गोचीड चावलेली?" सुनेनं कान दाखवला. मागं काळी खपली धरलेली.

"देवी नाही आजी, हा गोचिडीचा ताप. औषध आहे याला, पण उशीर केलात."

मोठ्या हॉस्पिटलात ठेवली. आत सोडत नव्हते. बाहेर बाकावर मी बसलेली. जाऊ आली, शेजारी टेकली. 

पोरगी जगली. पण डाव्या कानानं ऐकू येत नाय. येईल कदाचित, म्हणतात डॉक्टर.

हे वाचताय त्यांना एवढंच सांगते. पोरं जनावरांत खेळून आली की कानामागं, काखेत, केसांत बघा. गोचीड दिसली तर काय चोळू नका, चिरडू नका, तिच्या अंगातला रोग जखमेत उतरतो, चिमट्यानं कातडीपाशी धरून सरळ ओढा. आणि नंतर ताप आला तर थांबू नका, डॉक्टरला गोचिडीचं आधी सांगा.