मेहकर, तालुका भालकी

आधी क्षमा मागतो. अपराधाची नव्हे, लिहिण्याची. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाने सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचे चार शब्द कागदावर उतरवावेत, हे धाडस हास्यास्पद आहे, याची मला जाणीव आहे. पण जे लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, थोरल्या भावाला नाही. आणि सांगताना माझा आवाज नरम असणार नाही. तेवढे सोसून घ्या.

हैदराबादच्या एका गोल्फ क्लबात मी आयुष्यभर नोकरी केली. एरवी कारकुनी, आणि स्पर्धा असली की ‘स्टार्टर’. म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे उभे राहायचे आणि माइकवर खेळाडूचे नाव व गाव पुकारायचे. बस, एवढेच. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या माणसाला हे एकच वाक्य मोठ्याने बोलण्याची मुभा होती.

निवृत्त होऊन गावी परतलो. आता भालकीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मोबाइलवर गोल्फ बघणारे तरुण मला विचारतात, “सर, एवढी मोठमोठी माणसं जवळून बघितलाव तुम्ही. खरंच साधा कोण वो त्यातला?” मी सांगतो. एक जण माळ्यांच्या पंगतीत बसून भाकरी खायचा. एक जण हरल्यावरही बॅग वाहणाऱ्याचा हात हातात घ्यायचा. ऐकणारे खूश होतात. मग कोणीतरी हमखास म्हणतो, “आन् आपला संगमेश?” — आणि मी चहाच्या कपाकडे पाहतो. काहीच बोलत नाही. न बोलणे हे उत्तर असते का? माझे होते.

संगमेश आमच्या मेहकरचा. मेहकर म्हटले की लोकांना बुलढाण्याकडचे आठवते. आमचे भालकी तालुक्यातले, बीदर जिल्ह्यातले. त्याचे वडील आमच्याच क्लबात गवत राखायचे. मुलगा तिथेच खेळ शिकला आणि पुढे व्यावसायिक गोल्फपटू झाला. वडील मला ओळखत — गावचाच ना मी! पण साहेबांसमोर ते कधी ओळख दाखवीत नसत. कारण मी क्लबात सांगितले होते की मी पुण्याचा आहे.

का सांगितले? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ‘जात आहे’ऐवजी ‘जायलाय’ म्हणालो आणि कचेरीतले दोघे मराठी साहेब पोट धरून हसले. एवढेच झाले. त्या दिवसापासून माझे मराठी पुस्तकी झाले, आणि गाव पुणे. हे कारण म्हणून सांगत नाही. हसण्याने कोणी मरत नाही.

आता त्या सकाळकडे येतो. बरेच आडवळण घेतले — अजूनही घ्यावेसे वाटते आहे.

संगमेशची ती क्लबातली पहिली मोठी स्पर्धा. त्याची आई गंगाक्का गावाहून आली होती. इरकली नेसून दोरीच्या पलीकडे, उन्हात. तिला खेळातले काही कळणार नव्हते. तिला एकच शब्द ऐकायचा होता. संगमेशने माझ्या हातातल्या यादीत स्वतःच्या नावापुढचे ‘हैदराबाद’ खोडून पेनाने ‘मेहकर’ लिहिले आणि हसून, सगळ्यांदेखत म्हणाला, “अण्णा, ह्या बारीला आपलं गाव सांगा की!”

आपलं. एवढाच शब्द. शेजारी उभे असलेले सेक्रेटरी साहेब वळले. “आपलं? तुम तो पूना के हो ना?”

मी हो म्हणालो. मग माइक हातात घेतला, यादीतला तो निळ्या शाईचा शब्द डोळ्यांनी वाचला, आणि मोठ्याने पुकारले — संगमेश, हैदराबाद.

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. पुढे होऊन हलकेच म्हणाला, “असू द्या अण्णा. गाव कुठं पळून जायलाय?” आणि फटका मारायला गेला.

इथवर तो भित्रेपणा होता. पुढचे भित्रेपणात बसत नाही.

दिवाळीला गावी आलो, तेव्हा गंगाक्का ओट्यावर तूर पाखडत होती. सूप थांबवून तिने विचारले, “संगूनंच नगं म्हणला का वो, गावाचं नाव?” मी तिच्या सुपातल्या फोलपटांकडे पाहिले. आणि म्हणालो, “व्हय.”

कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून निघालेला माझ्या बोलीतला पहिला शब्द — आणि तो हा!

सूप पुन्हा हलू लागले. पण ओट्याखालून जाणाऱ्या शेजारणीने ते ऐकले आणि संध्याकाळपर्यंत ते पारावर पोहोचले. “इंग्रजी गवतावर चालायलाय त्यो, आपली काळी माती पायाला चिकटती की त्याच्या!” लोक हसले. मीही तिथे होतो. मीही हसलो.

संगमेश गावी आला की लोक तोंडावर गोड बोलत आणि पाठीमागे हेच वाक्य फेकत. आईनेही त्याला कधी विचारले नाही. तिला तर उत्तर मिळालेच होते. त्याच्या कानावर हे सारे गेले. माझे नाव घेऊन एका वाक्यात तो सुटला असता. त्याने घेतले नाही. साधा माणूस कोण, असे विचारता ना? सह्या देणारा, फोटोत खांद्यावर हात टाकणारा? माझे उत्तर ऐका — तो.

शाळेच्या भिंतीवर गावचे नाव काढणाऱ्यांची पाटी लागली आहे. तिच्यावर संगमेशचे नाव नाही. माझे आहे, त्यापुढे ‘विनयशील’ असेही रंगवले आहे. लाजाळू माणसाला लोक नम्र समजतात. माझा संकोच हा भित्रेपणाने अंगात घातलेला इस्त्रीचा सदरा होता. तो मी उतरवतो आहे. ज्यांना हसायचे त्यांनी हसावे. हॉटेलातली माझी खुर्ची दुसऱ्याला द्यावी. पाटीवरचे माझे नाव खरवडून काढावे. रंगाऱ्याला मीच बोलावतो.

गंगाक्का दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिला वाचता येत नाही. म्हणून ही पाने छापायला धाडण्याआधी मी तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवणार आहे. तिला ऐकू कमी येते, तेव्हा मोठ्याने वाचावे लागेल, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. येते मला ते. आयुष्यभर तेच तर काम केले. ती काय म्हणेल ते तिचे.

पुकारतो — संगमेश, मेहकर, तालुका भालकी. मीही तिथलाच.

तुम्ही कुठले?