डाव्या सीटवरचं पोतं

खंडाळ्याच्या त्या बंगल्यात मी नोकरीला होतो तेव्हा माझं सगळं आयुष्य एका बुटक्या विलायती गाडीभोवती फिरत होतं. दोनच माणसांची गाडी, वर कापडी टप, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की शेळी आडवी आली तर आधी तिचं पोट दिसायचं. साहेब ती स्वतः चालवत. मी ती धुवायची, पुसायची, बाजारहाट करायचा, आणि साहेब मुंबईला गेले की आउटहाउसच्या पायरीवर बसून तिची राखण करायची. त्याआधी मी दगडाच्या खाणीवर ट्रक चालवलेला गडी. असल्या माणसाला शोभेच्या गाडीचा राखणदार करणं म्हणजे नांगराचा बैल घुंगरं बांधून दारात उभा करण्यासारखं होतं.

बायको आणि लहान मुलगी वडगावजवळच्या आमच्या गावी. सुट्टी मिळेल तेव्हा लोणावळ्यापर्यंत चालत जायचं, लोकल धरायची आणि संध्याकाळी परत. मुलगी मला ‘पाव्हणं’ म्हणायची. सगळे हसायचे. मला हसू येत नसे.

त्या वर्षी वडगावच्या एका भातगिरणीला ट्रकवर ड्रायव्हर हवा होता. रोज रात्री घरी झोपता येईल अशी नोकरी! मी धावत गेलो. गिरणीमालक म्हणाले, “ये की. पर साहेबांनी सोडलं, आसं त्यांच्या तोंडनं कळू दे. त्यांचा मानूस फोडला आसं नगं व्हायला. दिवाळीपतुर थांबतो मी.”

साहेबांना विचारलं. घाटातल्या एका वळणावर गाडीनं त्यांना नुकतंच घाबरवलं होतं. ब्रेक लावला की तिचं नाक खाली जायचं, वळणावर ती कलंडायला बघायची आणि स्टेअरिंग वीतभर फिरवावं तेव्हा कुठे चाक जागचं हलायचं. साहेब म्हणाले, “ही घाटात भरवशाची करून दे, मग खुशाल जा.” मला आभाळ ठेंगणं झालं.

वळवणला एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांना मी आबा म्हणे. त्यांचाही जन्म ट्रकाखाली गेलेला. आम्ही गाडी खोलली. पुढच्या चाकांच्या सांध्यांतले झिजलेले बुश काढून लेथवर नवे करून घेतले आणि घट्ट ठोकून बसवले. जुने तेलाचे शॉकअप मेले होते. त्यांच्या जागी जीपचे शॉकअप, पट्ट्या वेल्ड करून. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत लोहाराकडून एक जादा पाटा घालून घेतला. आणि चाक वळवणारा जो दांडा असतो, त्याला आतल्या अंगाला दुसरं भोक पाडून स्टेअरिंगची सळई तिथं जोडली. आता स्टेअरिंग जरासं फिरवलं तरी चाक पुरतं वळायचं. जड झालं होतं खरं, पण जड ते भरवशाचं, असंच आम्ही दोघं जन्मभर मानत आलेलो.

गाडीची परीक्षा घ्यायची तर साहेबांचं वजन हवं. साहेब अंगानं भारदस्त. आबांनी भाताचं एक पोतं आणलं, डाव्या सीटवर ठेवून दोरीनं बांधलं आणि मला चालवायला बसवलं. खोपोलीपर्यंत उतरायचं, परत चढायचं, कुठे झोल खाते ते आबांना सांगायचं, त्यांनी पाना घेऊन खाली शिरायचं. शिरण्याआधी पोत्याला सलाम करायचे. “साहेब, हुकूम हाय का?” चहावालासुद्धा विचारू लागला, साहेबांना कट की फुल? ते दिवस फार सुखाचे होते. प्रत्येक वळणाला मी घराच्या जवळ सरकत होतो.

शेवटी गाडी रुळावरून जावी तशी जाऊ लागली. आम्ही ती बंगल्यावर नेली. साहेब खुशीत येऊन उजवीकडे बसले, चालू केली, फाटकापाशी वळवायला गेले. स्टेअरिंग हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, चेहरा लाल झाला, गाडी फाटकाच्या खांबाला जाऊन टेकली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. साहेब म्हणजे बाजूला बसणारा आणि आपण म्हणजे चालवणारा, याच्यापलीकडे आमच्या डोक्यात काही आलंच नव्हतं. रोज स्वतः चालवणाऱ्या माणसाचं आम्ही डावीकडचं पोतं केलं होतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले, डावीकडे सरकले आणि म्हणाले, “चल, तू ने.” मी खोपोलीला नेऊन आणली. साहेब जाताना-येताना बोलतच होते.

फाटकात मी विचारलं, “साहेब, भातगिरणीचं?”

“अरे, तू गेलास तर आता ही हलवणार कोण? बघू पुढे.”

मी आपल्याच हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. रोज संध्याकाळी फिरायला निघायचं. शेजारी साहेब, दिवंगत बाईसाहेबांच्या आठवणी सांगणार, समोर धुकं. मी ‘जी’ म्हणायचो आणि मनात शिव्या मोजायचो. असा राग मला पुढे कधी आला नाही. दार उघडं होतं, कुणी बांधून घातलं नव्हतं, तरी साहेबांच्या शब्दावाचून गिरणी मला उभी करणार नव्हती.

दसरा झाला तसा मी आबांकडे गेलो. म्हटलं, पुन्हा पहिल्यासारखी ढिली करा. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. “घट केलेलं मी न्हाई ढिलं करायचा. तुजं तू कर.”

साहेब मुंबईला गेले होते. मी जादा पाटा काढला, सळई बाहेरच्या भोकात परत घातली, बुश सैल केले. साहेब आले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात दिली. ते एकटेच गेले. मी पायरीवर बसून राहिलो. गाडी परत येताना ऐकली आणि उठून फाटक उघडलं.

साहेब उतरले नाहीत. स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “हलकी झाली.”

“व्हय साहेब. आता तुमाला चालवता येती. मला सोडा.”

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग ते म्हणाले, “चालवता येते रे. पण चालवताना शेजारी कोण? तू चालवतोस तेव्हा मी बोलत असतो. या बंगल्यात माझं ऐकायला आहे कोण दुसरं?”

लोखंड असतं तर पाना लावला असता. याला काय लावणार? मी म्हणालो, “साहेब, माजी पोरगी मला पाव्हणा म्हणती.”

ते खरोखरच हळहळले. “अरेरे! मग तिला इकडेच घेऊन ये. बायकोलाही आण. मागची खोली रिकामीच पडली आहे.” तेवढ्यावर ते मोकळे झाले, आणि मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. दिवाळीनंतर भातगिरणीच्या ट्रकवर दुसरा कुणी दिसू लागला.

गाडी आता मीच चालवणार होतो, म्हणून पाटा पुन्हा चढवला, सळई आत घेतली. घरच्यांना आणायला साहेबांनी कौतुकानं तीच गाडी दिली. सारा गाव जमला. बायको गाठोडं मांडीवर घेऊन बसली, गाठोड्यावर मुलगी. मागे राहिलेल्या शेताकडे बायकोनं एकदा पाहिलं आणि मग गाठोड्याची गाठ घट्ट केली.

खंडाळ्याला मुलगी उतरली. बंगल्याची भिंत बघितली, आमची खोली बघितली, आणि आईचा पदर धरून म्हणाली, “आई, आपुन घरला कवा जायाचं?”

“ह्यास्नी इचार,” बायको म्हणाली.

मी बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.