तिसऱ्या ओळीतले पाहुणे

चौकटबाई हे नाव मीच ठेवलं आणि ते त्यांना माहीत आहे. एकदा मला म्हणाल्या, ठेवा नावं, तुमच्या कात्रीपेक्षा जीभच जास्त चालते. आता यात खोटं काय? माझं केस कापायचं दुकान आहे आणि दुकानासमोरचा रस्ता ओलांडला की निवारा. घर विसरलेली, कुठल्या स्टँडवर नाहीतर कोणाच्या पायरीवर सापडलेली म्हातारी माणसं पोलीस इथे आणून सोडतात. दर मंगळवारी मी पेटी घेऊन जातो आणि सगळ्यांच्या दाढ्या, डोकी करून येतो. बाई तिथल्या ऑफिसात. काम म्हणाल तर एकच, पण त्यात जीव ओतलेला. निवाऱ्याच्या वेबसाइटवर या माणसांचे फोटो लावायचे, म्हणजे कुठेतरी बसलेल्या नातेवाइकाने पान उघडावं आणि आपलं माणूस ओळखून घेऊन जावं.

त्याआधी पंधरा वर्षं त्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावत होत्या. कुठला फोटो उजवीकडे, कुठला डावीकडे, रुसलेल्या आत्याला कोणत्या पानावर ढकलायचं, सगळं त्यांच्या हातात. लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले, स्टुडिओला टाळं लागलं आणि बाई इथे आल्या. घरी कोणी नाही. एक भाऊ आहे, तो वर्षातून एकदा फोन करतो, तोही घराच्या कागदावर सही कधी देतेस हे विचारायला. कॉम्प्युटरचा गंध नव्हता. वेबसाइट बनवणाऱ्या माणसाचा त्यांनी फोन करकरून असा पिच्छा पुरवला, की शेवटी त्याने वैतागून सगळं शिकवलं. फोटो कसा चढवायचा, चौकोनात कसा कापायचा, ओढून दुसऱ्या जागी कसा सोडायचा. एका ओळीत चार फोटो, सगळे एका मापाचे, रेघ मारल्यासारखे. मग कोणीतरी सांगितलं की मोबाइलवर चाराचे दोन होतात आणि सगळी मांडणी विस्कटते. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

त्यांचा एक नियम होता. माणूस आलं त्या अवतारात त्याचा फोटो पानावर जायचा नाही. आधी अंघोळ, मग माझ्या हाताखाली दाढी, मग इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे निळी चादर आणि मग फोटो. गेटवर रजिस्टरसाठी एक फोटो निघायचा, पण तो कॉम्प्युटरमध्ये 'आल्या दिवशीचे' नावाच्या कप्प्यात जाऊन पडायचा. तो कप्पा त्या उघडायच्या नाहीत. बघवत नाही म्हणायच्या. मी चिडवायचो, बाई, तुमच्या पानावर सगळे एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसतात. त्यावर त्या म्हणायच्या, लग्नाच्या अल्बमात कोणी शिंकतानाचा फोटो लावतं का? वाईट दिवसातला चेहरा चारचौघांत का मांडायचा? मला ते पटायचं. खोटं कशाला बोलू, कौतुकच वाटायचं.

पाहुणे आले ते एका मंगळवारीच, मी तिथे असताना. तीनशे किलोमीटरवरून आलेल्या कुठल्याशा बसमधून उतरलेले, नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. मानेपर्यंत केस, त्यात उवा. आणि मिशी! गालांवरून कानाकडे वळलेली, पांढरी, भरघोस. ओठाला जखम होऊन पू धरला होता, म्हणून नर्सबाईंनी मिशी काढा म्हणून सांगितलं. मी वस्तरा लावला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, नुसतं धरलं. मी म्हटलं, आजोबा, परत येते हो, खत घालायचीही गरज नाही. त्यांनी हात सोडला. मी डोक्याचा गोटा केला, मिशी उतरवली, आणि पाच मिनिटांत बाईंना हवा तसा स्वच्छ माणूस तयार. मग निवारा चालवणाऱ्या साहेबांनी कागद भरला. खुणा या रकान्यात त्यांनी लिहिलं, मिशी नाही. समोर दिसलं ते लिहिलं, बिचाऱ्यांचं काय चुकलं?

ओठ बरा झाला तरी मिशी काही आली नाही, कारण दर मंगळवारी सगळ्यांबरोबर त्यांचीही दाढी व्हायची. उरकायची घाई असते, चाळीस माणसं असतात. मी कधी विचारलंच नाही.

पाहुणे हे नाव असं पडलं, की रोज संध्याकाळी ते उठायचे, सदरा नीट करायचे आणि म्हणायचे, "चला, निघतो. पोरगी दार उघडं टाकून बसली असेल." मग कोणीतरी म्हणायचं, बसा हो, चहा घेऊन जा. ते बसायचे. दिवसभर ऑफिसबाहेरच्या बाकावर असायचे. कोणी नातेवाईक शोधत आला, की बाई विचारायच्या, कोणाला शोधताय, फोटो आणलाय का? हे ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. पण महिने गेले तशी एकेक गोष्ट गळत गेली. आधी दार गेलं. मग पोरगी गेली. शेवटी शेवटी नुसतं म्हणायचे, चला, निघतो, आणि पुढे काय ते आठवत उभे राहायचे.

निवाऱ्याचा नियम वर्षाचा. वर्षात कोणी आलं नाही, तर दूरच्या मोठ्या सरकारी संस्थेत पाठवतात. तिथे हजारभर माणसं, कुठे फोटो नाही, कुठे पान नाही. तिथे गेलेला माणूस घरच्यांना सापडल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. पाहुण्यांच्या वर्षाला महिना उरला आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या ओळीतला त्यांचा फोटो त्यांनी ओढून पहिल्या ओळीत पहिला आणला. उजळ केला. खाली लिहिलं, शांत स्वभाव, पोरगीची आठवण काढतात. आठवडा गेला, फोन नाही. मग निळी चादर काढून पांढऱ्या भिंतीपुढे नवा फोटो काढला, अगदी हसरा. तरी फोन नाही.

एक गोष्ट मात्र बाई मला अभिमानाने दाखवायच्या. पान किती जणांनी बघितलं ते त्यांना कॉम्प्युटरवर कळायचं. रोज सकाळी साडेआठला कुठल्याशा लांबच्या गावातून कोणीतरी पान उघडायचं, एकेक फोटो मोठा करून बघायचं आणि वीस मिनिटांनी जायचं. एक दिवस खंड नाही. बाई म्हणायच्या, बघा, कोणीतरी मन लावून बघतंय माझं काम. मी म्हणायचो, तुम्हाला चाहता मिळाला.

आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

महिन्यातले बारा दिवस उरले होते. मंगळवार होता, माझं काम आटोपून मी ऑफिसात चहा पीत होतो. पाहुणे आले तेव्हा हातात पिशवी होती का, सदऱ्यावर कुठल्या शिंप्याची खूण होती का, हे बघायला बाईंनी पहिल्यांदाच तो आल्या दिवशीचा कप्पा उघडला. पडद्यावर एक फोटो आला. मी विचारलं, हे कोण, हे कधी आले?

बाईंनी हळूच खिडकीबाहेर, बाकाकडे बोट दाखवलं.

"बाई," मी म्हटलं, "माझ्या हातानं उतरवली मी ती मिशी. आणि मलाच ओळखू आले नाहीत."

बाई एकदम कामाला लागल्या. तो मळका, जखमेचा, केस पिंजारलेला फोटो त्यांनी पानावर चढवला. चौकोनात बसवताना मिशीची दोन्ही टोकं कापली जायला लागली, तर त्यांनी कापणंच बंद केलं. तो एक फोटो लांबलचक झाला आणि खालच्या सगळ्या ओळी वाकड्या झाल्या. साहेब धावत आले. देणगीदार पान बघतात, त्यांना हे काय दाखवता, असं बरंच बोलले. बाईंनी पडद्यावरून मान वळवली नाही.

"साहेब, हे पान देणगीदारांसाठी आहे की हरवलेल्यांसाठी, ते तुम्ही ठरवा. तोवर मी फोटो लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले नसतील, बाई रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या. पायात चप्पल नाही. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच, आणि या आरशासमोर उभ्या राहून सांगतायत. मुलीचा फोन आला होता. तीच ती, साडेआठवाली. पोलिसांत तिने पहिल्याच दिवशी तक्रार दिली होती, दाट पांढरी मिशी असं लिहून. आमच्या कागदावर मिशी नाही. कोण कशाला जुळवणार? तिने विचारलं, हा फोटो कालचा का? बाई म्हणाल्या, नाही, अकरा महिन्यांपूर्वीचा. ती म्हणाली, मग अकरा महिने ते कुठे होते, मी तर रोज बघते. बाईंनी सांगितलं, पहिल्या ओळीत पहिले आहेत बघा.

"ती काय म्हणाली माहितीये?" बाईंनी विचारलं. "म्हणाली, त्या टकल्या आजोबांवरून तर मी रोज पुढे जाते."

मी गिऱ्हाइकाची दाढी कशी पुरी केली, मला आठवत नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, रात्रभर प्रवास केल्याचं तोंडावर दिसत होतं. मी दुकान बंद करून गेलो होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण दुकानात थांबवेना. पाहुणे बाकावर बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली. जवळून बघितल्यावर तिला शंका उरली नाही, डोळे तेच होते.

पाहुण्यांनी वर बघितलं आणि अगदी बाईंच्या आवाजात, आदबीनं विचारलं, "कोणाला शोधताय? फोटो आणलाय का?"

तिने पिशवीतून फोटो काढला. घरातल्या ओट्यावर बसलेले, मिशीला पीळ देणारे, ऐटीतले. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. लांब धरला, जवळ धरला. नीट, मन लावून बघितला. मग मान हलवली.

"नाही हो. हे इथे नाहीत. आत बाई आहेत, त्यांना विचारा, त्या सगळ्यांचे फोटो लावतात."

मुलगी त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि त्यांच्या खांद्याला डोकं टेकून रडली. त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं, पण उठले नाहीत. परक्या बाईला धीर द्यावा तसे पाठीवर थोपटत राहिले. सापडेल, सापडेल, म्हणत होते. मी आत बघितलं तर चौकटबाई टेबलावर कपाळ टेकून बसलेल्या.

संध्याकाळी ते तिच्याबरोबर गेले. अकरा महिने रोज निघतो म्हणणारा माणूस खरंच निघाला, तेव्हा गेटपाशी थांबला आणि मला म्हणाला, मला कुठे नेतायत? मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, बरं. मी त्यांना दुसरं काहीतरी सांगायला थांबवणार होतो, पण माफी मागायची तर ती कोणत्या माणसाची मागायची, कळेना.

आता पानावर प्रत्येकाचे दोन फोटो असतात, आला तसा आणि आहे तसा. ओळी वाकड्या, मापं वेगळी. बाई म्हणतात, बघवत नाही, पण हात लावत नाहीत. मीही आता वस्तरा उघडण्याआधी विचारतो. साहेब कुरकुरतात, मंगळवारचं काम बुधवारवर जातं. जाऊ दे.

परवा मुलीने बाईंना फोटो पाठवला. मिशी परत आली आहे, पूर्वीइतकी नाही, पण वळण तेच. पाहुणे तिच्या शेजारी बसलेत, कॅमेऱ्याकडे बघतायत, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखे. साइटवर 'घरी पोचलेले' नावाची एक वेगळी गॅलरी आहे. साहेबांची लाडकी, देणगीदारांना दाखवायची. साहेब रोज विचारतात, तो फोटो तिथे का नाही लावला अजून? मीही विचारलं.

बाई म्हणाल्या, "मी काय लिहू खाली? पोचले म्हणून?"