पाझरू न दिलेला तलाव

बहात्तरच्या दुष्काळात मला भूजल सर्वेक्षणाच्या कामावर तात्पुरती नोकरी मिळाली. पारनेर तालुक्यातल्या विहिरी मोजायच्या. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची आणि वर ओढल्यावर खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. माणसांशी फारसं बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडे. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं होतं. तोंड उघडलं की लोक हसत.

एका वस्तीची पिण्याची एकुलती एक विहीर आटली होती. आमच्या साहेबांनी खडक तपासून तिच्या वरच्या अंगाला पाझर तलावाची जागा ठरवली. तिथे मुरूम होता. पावसाचं पाणी तलावात अडेल, मुरमातून झिरपेल आणि विहिरीला उतरेल, असा हिशेब. तो बरोबरच होता. अहवाल इंग्रजीत लिहून नगरला गेला. वस्तीवर जाऊन कुणी काही सांगितलं नाही.

तलावाचं काम दुष्काळी कामात निघालं आणि त्यावर त्याच वस्तीच्या बायका होत्या. उन्हाळ्यात मी पुन्हा गेले, तर बायका नाल्यातली काळी चिकणमाती पाट्यांनी आणून तलावाच्या तळाला पसरत होत्या. पुरुष धुम्मसाने ती चोपत होते.

"हे नका करू," मी म्हटलं. "पाणी खाली जाऊ दे."

मुकादम हसला. "ताई, तळं बांधायचं आन् पानी सोडून द्यायचं?"

विहिरीला लागून जिचं घर होतं ती बाई पाटी उतरवून म्हणाली, "तुमच्या शेरात गळक्या घागरीनं पानी भरत्यात व्हय, बाई?"

सगळ्या हसल्या. मी विहिरीकडे बोट दाखवलं, काहीबाही सांगत राहिले. त्या कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या पुड्या सोडून खायला बसल्या. भर उन्हात, हौद लिंपावा इतक्या मायेने त्यांनी तो तळ लिंपला होता.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचणं त्यांचं काम."

पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. जलपूजनाला साहेब आले, फोटोत मधोमध उभे राहिले. त्याच बाईने खण-नारळाने पाण्याची ओटी भरली. पाणी सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे विहिरीत कुणी डोकावलं नाही.

माघात मी टेप घेऊन गेले. तलावातलं पाणी उन्हावाऱ्याने उडून हिरवं डबकं उरलं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. विहिरीत सोडलेली टेप तळाला टेकली. वर आली तेव्हा खडू पांढराशुभ्र होता.

ती बाई घागर घेऊन मागे उभी होती. "लागलं का पानी?"

मी टेप पुढे केली. तिने खडूवरून बोट फिरवलं, कोरडं बोट पाहिलं.

"तुमी बोलला व्हता," ती म्हणाली. "पन सायबानं एकदा येऊन सांगितलं असतं, तर आमी काय ऐकलं नसतं?"

नगरच्या कचेरीत त्या तलावाचं कौतुक चाललं होतं. माघ उजाडला तरी त्यात पाणी होतं ना!

ती डबक्याकडे गेली. म्हशींना हुसकलं, घागरीच्या तोंडावर पदर दुहेरी धरला आणि त्यातून पाणी गाळून घेऊ लागली.