नाक आत्याचं

गंगापूरच्या स्थळाकडून निरोप आला तो असा: मुलगी पसंत आहे, शिक्षण पसंत आहे, घराणं पसंत आहे, नाकाचं तेवढं बघून घ्या. निरोप माझ्या मावशीने आणला. स्थळ तिनेच सुचवलं होतं, त्यामुळे नाकाची जबाबदारीही आपसूक तिच्यावर आली. बघून घ्या म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिकडच्यांनी सांगितलं नव्हतं. मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, हल्ली त्याचं ऑपरेशन करतात.

माझं नाक लांब आहे. मध्ये उंचवटा आहे आणि टोक थोडं खाली झुकलेलं आहे. त्यातून श्वास नीट येतो, वास कळतो, सर्दी इतरांएवढीच होते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. तिथे दिवसभर तोंडावर मास्क असतो, म्हणजे माझ्या नाकाचा प्रश्न संध्याकाळनंतरच उद्भवतो. हे सगळं म्हणायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर ते नाक मला आवडत नव्हतं. बाजूने फोटो काढला की मी काढणाऱ्याच्या हातातून मोबाइल घेऊन तो पुसून टाकायचे. मावशीने ऑपरेशन म्हटल्यावर मला संताप आला, पण त्याच्या आधी क्षणभर आशा वाटली होती. मग त्या आशेचाच जास्त संताप आला.

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची वाटणी होते. बारशाला बायका पाळण्याभोवती जमतात आणि ठरवून टाकतात: डोळे आईचे, रंग आजोबांचा, कपाळ मामाचं. शेताच्या वाटणीवर निदान कोर्टात तरी जाता येतं, ह्या वाटणीवर अपील नसतं. माझ्या बारशाला ठरलं, नाक आत्याचं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, म्हणजे ती माझ्या कानाशी वाकलेली असतानाच हे ठरलं असणार. त्यानंतर घरी नवीन पाहुणा आला आणि त्याची नजर माझ्यावर थांबली की आई हसून म्हणायची, ‘नाक आत्यावर गेलंय.’ पाहुणा म्हणायचा, ‘असू द्या.’ हे ‘असू द्या’ मी इतक्यांकडून ऐकलंय की मला ते आडनावासारखं वाटायला लागलं होतं.

डॉक्टरकडे एकट्याने जायची आमच्या घरात पद्धत नाही. दात काढायलासुद्धा तिघं जातात. नाकासाठी पुंडलिकनगरच्या घरून आम्ही दोन रिक्षा करून निघालो: आई, बाबा, मावशी, मी आणि आत्या. आत्या सकाळच्या एसटीने देवगाव रंगारीहून आली होती. माझ्या बाबतीतली मोठी गोष्ट तिला वगळून करायची नाही, असा बाबांचा नियम आहे. फोनवर त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की पोरीच्या नाकाचं ऑपरेशन करायचं चाललंय. तिला वाटलं, हाड वाढलं असेल. मला ताकद यावी म्हणून तिने घरचं तूप आणलं होतं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मावशीने तिला खरं कारण सांगितलं. आत्या ‘बरं’ म्हणाली आणि तुपाचा डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

डॉक्टर कोरडा माणूस होता. मला तो आवडला. त्याने आधी नाकात उजेड टाकून बघितलं आणि श्वासाला काही अडचण नाही असं सांगितलं. आईचा चेहरा पडला. अडचण असती तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. मग त्याने विचार कशाकशाचा करायचा ते सांगितलं. भूल द्यावी लागते. सुरुवातीला डोळ्यांखाली काळंनिळं होतं. नाक शिंकरायचं नाही, चष्मा असेल तर तो काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही. सूज बरीचशी लवकर उतरते, पण पूर्ण उतरून खरं नाक दिसायला वर्षही लागू शकतं. मनासारखं झालं नाही तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येते, आणि ते पहिल्याहून अवघड असतं. माझी कातडी जाड आहे, त्यामुळे टोक फार नाजूक येणार नाही.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दिवाळीनंतरच्या तिथींना सूज उतरलेली असेल का. डॉक्टर म्हणाला, थोडी असेल. मावशी म्हणाली, थोडी मेकअपमध्ये जाते. आईने नथीचं विचारलं. दाबाची नथ सुरुवातीचे काही महिने नकोच, असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा आई पहिल्यांदाच खरी अस्वस्थ झाली. नवरीच्या नाकात नथ नाही तर मग नाक कशाला, असा काहीसा विचार तिच्या मनात आला असावा. शेवटी मावशीने मुद्द्याचं विचारलं: हिला मुलं झाली तर त्यांना नवीन नाक येईल ना? डॉक्टरने चेहरा न बदलता सांगितलं की मुलांना जुनंच येईल.

मग त्याने माझा बाजूने फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला आणि उंचवटा कमी करून दाखवला. त्यावर साडीच्या दुकानात होते तशी चर्चा झाली. मावशीला टोक अजून वर हवं होतं, आईला मध्ये. बाबा म्हणाले, फार बदल नको, ओळखू आली पाहिजे. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. ते नवं नाक छान होतं, हे मी लपवणार नाही. मला ते हवं होतं.

डॉक्टरने माझ्याशिवाय सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. आत्याचे गुडघे दुखतात, तिला उठायला वेळ लागतो. ती उठेपर्यंत बाकीचे बाहेर गेले होते आणि दार लागलं होतं, म्हणून ती पुन्हा बसली. डॉक्टरला वाटलं तीच माझी आई, म्हणून त्याने तिला बसू दिलं. त्याने मला विचारलं, ‘हे नाक वाईट आहे, असं तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं?’

मी आठवायला लागले. वाईट आहे असं कुणीच कधी म्हटलं नव्हतं. ‘आत्यावर गेलंय’ एवढंच म्हणत आले होते. आणि हे उत्तर मला आत्यासमोर द्यावं लागणार होतं. ती तुपाच्या डब्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, कुणी नाही. डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, माझं बी करता येतं का?’

मी हसले. एकटीच हसले, आणि थांबले. डॉक्टरने तिचं वय विचारलं, शुगर, बीपी विचारलं. मग म्हणाला, येतं, तपासण्या करून बघावं लागेल. त्याने तिचाही बाजूने फोटो काढला. आत्या अंग चोरून उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या एकाही फोटोत आत्या नाही. फोटोसाठी सगळे जमले की ती चहा टाकायला जाते. आम्ही सगळ्यांनी तो चहा प्यायलेला आहे.

डॉक्टर पडद्यावर तिच्या नाकाचा उंचवटा कमी करायला निघाला तेव्हा ती म्हणाली, आधी आहे तेच बघू द्या. ती खुर्ची ओढून पुढे झाली. आरशात माणसाला समोरूनच दिसतं. बाजूचं तिला आजवर दुसऱ्यांनीच सांगितलं होतं.

‘एवढंच हाय व्हय?’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, लई मोठं असंल.’

मग तिने मला त्या पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्यायला सांगितला. नवं नाक तिने बघितलंच नाही. डॉक्टरला नमस्कार करून ती मोबाइल हातात धरून बाहेर गेली आणि बाबांसमोर उभी राहिली. आई आणि मावशी बाजूच्या खुर्च्यांवर होत्या. तिने बाबांना फोटो दाखवला. बाबा म्हणाले, तुझा आहे.

‘नाक बघ, दादा. तुझं बी हेच हाय.’

बाबांचं नाक तसंच आहे. लांब, मध्ये उंचवटा, टोक खाली. हे मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण आमच्या घरात ते कधी कुणी सांगितलंच नाही. पुरुषाच्या तोंडावर त्याला धारदार म्हणतात आणि कुणी ‘असू द्या’ म्हणत नाही.

‘पोरीचं नाक माझं म्हनत जाऊ नको आता,’ आत्या म्हणाली. ‘ती झाली तवापासून मला वाटतं, मीच तिचं काईतरी बिघडवून ठेवलंय.’

तिचा आवाज चढला नव्हता. मला मात्र रडू आलं, आणि तिथे बसलेल्या सगळ्या पेशंटसमोर मी रडले. आईने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

बाबांनी मावशीकडे गंगापूरचा नंबर मागितला. मावशी म्हणाली, मुलीच्या बापाने थेट फोन करायचा नसतो, मी बोलते. बाबांनी हात पुढे केलेलाच ठेवला. मग नंबर लावून ते उभं राहून बोलले. नाकाचं बघून घ्या म्हणाला होतात, बघितलं. ते माझं आहे, माझ्या बहिणीचं आहे आणि माझ्या पोरीचं आहे. चालत असेल तर कळवा. तिकडून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

काउंटरवरच्या बाईने मला ऑपरेशनची तारीख विचारली. मी म्हणाले, माझं अजून ठरलेलं नाही. ते खरंच होतं, आणि आजही खरं आहे. त्या पडद्यावरचं नाक मला अधूनमधून आठवतं.

‘मंग करनार का तू?’ आत्याने पायऱ्या उतरताना विचारलं.

‘केलं तर मला पाहिजे म्हणून करीन,’ मी म्हणाले. ‘तुझं आहे म्हणून नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली.

परतीच्या रिक्षात ती माझ्या शेजारी बसली आणि घराजवळचा गजानन महाराज मंदिराचा चौक येईपर्यंत माझ्या नाकाकडे बघत होती.