गिरणीच्या काट्यावरचे पंचावन्न किलो

नववीत असताना माझं वजन अठ्ठावन्न किलो होतं. शाळेत तपासणीला आलेल्या ताईंनी तो आकडा मोठ्याने वाचला आणि आमच्या खेळाच्या बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. महिन्याभराने मुरबाडला कबड्डीचे सामने होते आणि आमच्या गटात पंचावन्नच्या वर एक ग्रॅमही चालत नव्हता. मी संघात उजवा कोपरा सांभाळायची. माझ्या हातात सापडलेली पोरगी परत जात नसे, आणि त्यात कौशल्यापेक्षा वजनच जास्त कामाला येई, हे मी तेव्हा कुणाला सांगत नव्हते.

पप्पांनी घरात फर्मान काढलं. वडापाव बंद, वेफर्स बंद, डब्यात नाचणीची भाकरी. मी मान डोलावली. शाळेत पोचल्यावर भाकरी मैत्रिणीला द्यायची आणि तिचे वेफर्स घ्यायचे, असा आमचा करार झाला. शाळा सुटल्यावर सापगावच्या रस्त्यावर चायनीज भेळेची गाडी लागायची, तिथे मात्र कराराची गरज नव्हती.

घरात वजनकाटा नव्हता. पप्पांचा विश्वास एकाच काट्यावर, भाताच्या गिरणीतल्या. दर रविवारी ते मला तिथे उभं करायचे. आकडे गिरणीवाल्या काकांच्या बाजूला दिसत आणि गिरणीच्या आवाजात ते ओरडून सांगत. पहिल्या रविवारी ते ओरडले, छप्पन्न! चार दिवसांत दोन किलो. पप्पांनी घरी येऊन आईजवळ नाचणीचं इतकं कौतुक केलं की मलाच लाज वाटली. म्हणजे थोडीशी.

दुसऱ्या रविवारी मी वाकून पाहिलं. काट्यावर स्पष्ट अठ्ठावन्न होते आणि काका ओरडले छप्पन्न. मग माझ्या लक्षात आलं. काट्यावर पोतं आलं की बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, आणि भाताच्या ओलीचे मिळून दोन किलो वजा करायचे, ही त्यांची जन्माची सवय. माझ्यातूनही ते बारदान वजा करत होते. मी गप्प बसले. वर पप्पांना म्हणाले, भाकरी खरंच मानवली. शेवटच्या रविवारी काट्यावर सत्तावन्न होते. काकांनी पंचावन्न पुकारले आणि मी त्या आनंदात भेळेच्या दोन प्लेटी खाल्ल्या.

मुरबाडच्या मैदानावरच्या काट्याला बारदान माहीत नव्हतं. बाईंनी माझी जर्सी उतरवून घेतली आणि राखीव बसलेल्या त्याच मैत्रिणीला दिली. माझ्या भाकऱ्या खाऊन ती चांगली चपळ झाली होती, पण जर्सी तिला एवढी ढगळ की एका हाताने ती खांदाच सावरत होती. माझा कोपरा पार उघडा पडला. मी रेषेबाहेर बसून रडले.

तेवढ्यात पप्पा आले. कंपनीतून रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बाहेर बघून, काय झालं ते ऐकून त्यांचा पारा चढला.

"त्या गिरनीवाल्याला आज सोडत नाय मी. काटा खोटा ठेवतो."

ते खरंच गेले असते, आणि काकांनी माझं काय वाकडं केलं होतं?

"काटा बरोबर हाय, पप्पा. ते दोन किलो वजा करतात, पोत्याचे. मला ठाऊक व्हतं."

पप्पा माझ्या शेजारी खाली बसले. मग हळूच म्हणाले, "कंपनीत सगळ्यांना सांगून आलोय गो मी. फोटो मागतायत."

पप्पा उठले, मैदानाच्या कडेला गेले आणि त्यांनी मोबाईलवर माझ्या मैत्रिणीचा पाठमोरा फोटो काढला. जर्सीवर माझं नाव ठळक दिसत होतं. तो त्यांनी कंपनीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, माझी मुलगी.

मिनिटभरात कुणाचं तरी उत्तर आलं. पप्पांनी ते वाचून मोबाईल माझ्या हातात दिला.

"पोरगी बारीक झाली की रे."